दोरा नेमका कुणाला दिसतो?

अमेरिकेत मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात दोऱ्यांची अख्खी भिंत असते. पारदर्शक, फिकट निळा, शेवाळी हिरवा, धुरकट करडा, लाल, ठिपक्याठिपक्यांचा आणि मधेच डोळ्यांत खुपणारा पिवळाजर्द. बऱ्याच खोक्यांवर हमी छापलेली असते की हा दोरा माशाला दिसत नाही. शेजारच्याच खोक्यांवर उलटी जाहिरात असते, हा दोरा तुम्हाला लांबूनही स्पष्ट दिसेल म्हणून. दोन्ही खोकी घेणारे लोक एकाच माशाच्या मागे असतात. कित्येकदा तर दोन्ही खोकी एकाच माणसाच्या पिशवीत निघतात आणि तो माणूस गोंधळलेला नसतो. हे कोडं सोडवायचं तर आधी माशाची ओळख करून घ्यावी लागेल, मग पाण्याची, आणि मग होडीत बसलेल्या माणसाची. या तिसऱ्याचा विचार दोरा घेताना सहसा कुणी करत नाही.

मासा म्हणजे लार्जमाउथ बास. मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा. पाठ गडद हिरवी, पोट पांढुरकं, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि जबडा एवढा ऐसपैस की तोंड मिटलं तरी त्याची कड डोळ्याच्या मागे जाते. आपल्याकडे हॉटेलांच्या मेनूकार्डावर जिताड्यालाही बास म्हणतात, पण या दोघांचं काही नातं नाही. जिताडा खाडीतला, हा तळ्यातला, कुळंही वेगळी. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याखाली, धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायची ही बासची रीत. खायला फार कुणी पकडत नाही. पकडायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचा हा खेळ.

खेळ म्हटला तरी त्यात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरीने पकडलेल्या २२ पौंड ४ औंसाच्या, म्हणजे दहा किलोंच्या बासचा विक्रम ७७ वर्षं टिकला. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता याने जवळपास तेवढ्याच वजनाचा मासा काढून बरोबरी साधली. दरम्यान १९६७ मध्ये रे स्कॉट या विमा एजंटाने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची बक्षिसांची स्पर्धा भरवली आणि एका उद्योगाची पायाभरणी झाली. १९७१ मध्ये त्याने निवडक स्पर्धकांना विमानात बसवलं आणि विमान हवेत गेल्यावरच सांगितलं की आपण नेवाडाच्या वाळवंटातल्या लेक मीडला चाललो आहोत. बक्षीस होतं दहा हजार डॉलर्स, आणि तेही सगळं पहिल्या क्रमांकाला. एवढं पणाला लागल्यावर रॉड, रीळ, आमिष, गाठ आणि दोऱ्याचा रंग, सगळ्यांचा कीस पडणारच.

रंगाचा कीस मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेला, ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर चालत आलेला गळाच्या मासेमारीवरचा एक छोटा ग्रंथ आहे. त्या काळी दोरा पांढऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळत. हे केस सहा रंगांत कसे रंगवावेत आणि कुठला रंग कुठल्या ऋतूत, कुठल्या पाण्यात वापरावा, हे त्यात सांगितलं आहे. उन्हाळ्यातल्या निवळ पाण्याला हिरवा, संथ काळपट पाण्याला तपकिरी, अशा थाटात. पुढे १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनने दारू, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी एकत्र उकळून फिकट पाणेरी हिरवा रंग काढण्याची कृती दिली. आज मोठाल्या कंपन्या विकतात त्या लो-व्हिज ग्रीनचा हा पूर्वज. केसांनंतर रेशीम आलं. त्याच्या टोकाला ‘गट’ बांधत. रेशमाचा किडा व्हिनेगरमध्ये मुरवायचा आणि त्याच्या रेशीमग्रंथी हाताने ताणून तंतू काढायचा, असा हा प्रकार. तो बराचसा पारदर्शक होता, पण वापरण्याआधी भिजवून मऊ करावा लागे, नाहीतर तडकन तुटे.

१९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. त्याचा पहिला माल टूथब्रशच्या केसांच्या रूपाने बाजारात आला आणि थोड्याच काळात मासेमारीचा एकेरी दोराही आला. तोच आपला तंगूस. कोकणात झाडांच्या सालींत रंगवलेली सुती जाळी गेली आणि तंगुसाची आली, त्यामागे टिकाऊपणा होता तसा न दिसण्याचाही भाग होता. पण जाळ्याचं आणि गळाचं गणित वेगळं आहे. जाळं दिसलं की मासा वळून जातो, संपलं. गळाच्या टोकाला मात्र त्याला बोलावणारं काहीतरी असतं, आणि त्याचं लक्ष तिकडे असतं.

आता पाणी. ‘रंग’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की पाण्याखाली तो जवळजवळ निरर्थक होतो हे लक्षात येत नाही. तिथे महत्त्व फरकाला. मागच्या पार्श्वभूमीपेक्षा दोरा किती उजळ किंवा किती गडद आहे, एवढंच. पार्श्वभूमी कोणती हे ठरतं मासा कुठून बघतो यावर. मासा वर बघतो तेव्हा त्याला सगळं आकाश एका वर्तुळात गोळा झालेलं दिसतं. या वर्तुळाचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. दोन मीटर खोलीवरच्या माशासाठी पृष्ठभागावर ते साधारण साडेचार मीटर व्यासाचं. त्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो, त्यात तळाचं आणि शेवाळाचं प्रतिबिंब पडतं. दोऱ्याचा जो भाग त्या उजळ वर्तुळावर येतो, तो अपारदर्शक असेल तर काळाच दिसणार. पिवळा असो, हिरवा असो वा पांढरा. उन्हात विजेच्या तारेवर बसलेला पोपट खालून पाहिला तर त्याचा हिरवेपणा कुठे कळतो? आणि तोच दोरा वर्तुळाबाहेर, आरशातल्या हिरवट अंधारावर आला की मात्र पिवळा उठून दिसेल आणि शेवाळी हिरवा विरून जाईल. म्हणजे एकाच दोऱ्याचा एक मीटर माशाला दिसतो आणि पुढचा दिसत नाही, असं सर्रास होतं.

लाल दोऱ्याची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण अर्धवट विज्ञान कसं विकलं जातं त्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. जाहिरातीचा युक्तिवाद असा : पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषतं, म्हणून लाल दोरा पाण्यात ‘नाहीसा होतो’. पहिलं वाक्य शुद्ध पाण्यापुरतं खरं आहे. दुसरं त्यातून निघत नाही. लाल प्रकाश उरला नाही तर लाल वस्तू पारदर्शक होत नसते, ती काळी-करडी दिसते. शिवाय खोली किती? अगदी शुद्ध पाण्यातही तीन मीटर खाली ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग शिल्लक असतो, आणि बास पकडले जातात ते बहुतेक याहून उथळ पाण्यात. त्यात तळ्याचं पाणी शुद्ध नसतंच. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने अमेरिकेच्या दक्षिणेतली कित्येक तळी कोऱ्या चहाच्या रंगाची झालेली असतात. असलं पाणी आधी निळा प्रकाश गिळतं आणि लाल-नारिंगी मागे ठेवतं. म्हणजे जाहिरातीच्या बरोबर उलट.

याहून मोठा विनोद माशाच्या डोळ्यात आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. बासच्या डोळ्यात दोन. एक हिरव्याला संवेदनशील, कमाल सुमारे ५३५ नॅनोमीटरला. दुसरी लालसर टोकाला, सुमारे ६१४ नॅनोमीटरला. निळ्यासाठी वेगळी पेशीच नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या रेबेका फुलर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बासना ठराविक रंगावर गेलं की खाणं मिळतं असं शिकवलं आणि मग इतर रंग समोर ठेवून त्यांची परीक्षा घेतली. लाल आणि हिरवा त्यांनी फारशी चूक न करता ओळखला. गडबड झाली ती झगझगीत पिवळसर हिरवा आणि पांढरा यांच्यात, तसंच निळा आणि काळा यांच्यात. याच इलिनॉयमध्ये १९३७ साली फ्रँक ब्राऊन यांनीही बासच्या रंगदृष्टीवर काम करून ठेवलं होतं, आणि पिवळसर काचेतून बघणाऱ्या माणसाला जसं दिसेल साधारण तसं बासला दिसत असावं, या निष्कर्षाला ते आले होते. ऐंशी वर्षांनी आधुनिक उपकरणांनी फारसं वेगळं सांगितलं नाही. जो रंग हा मासा उत्तम ओळखतो, नेमका त्याच रंगाचा दोरा ‘अदृश्य’ म्हणून विकायला धाडस लागतं.

या निष्कर्षांचं दोऱ्याच्या भाषेत भाषांतर माझं मी करतो. पिवळाजर्द दोरा बासला बहुधा पांढरट दिसत असणार. निळा दोरा काळपट. आणि पहाटे-संध्याकाळी, जेव्हा बास सगळ्यात जोमाने खातो, तेव्हा शंकुपेशींचं काम थांबत येतं आणि दंडपेशी कामाला लागतात. त्यांना रंग कळतच नाही. त्या वेळी रंगावरून वाद घालणारे दोघेही फुकट भांडत असतात.

आता फ्लुरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये आणलेला हा दोरा पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड या प्लास्टिकचा. याची कीर्ती एका आकड्यावर उभी आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३च्या आसपास. दोन पदार्थांचे अपवर्तनांक जितके जवळ, तितका त्यांच्या सीमेवरून प्रकाश कमी परततो आणि कमी वाकतो. प्रयोगशाळेत पायरेक्स काचेची नळी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, कारण दोघांचेही अपवर्तनांक १.४७ आहेत. इथे तसं होत नाही. हिशेब करून पाहिला तर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी पाण्यातल्या नायलॉनवरून साधारण अर्धा टक्का परत येतो आणि फ्लुरोकार्बनवरून एक दशांश टक्का. पाचपट फरक! पण मुळात दोन्ही आकडे किरकोळ आहेत. दुकानात हवेत धरलेल्या नायलॉनवरून चार टक्क्यांहून जास्त प्रकाश परततो. म्हणजे जो तंगूस आपल्याला काउंटरवर चमकताना दिसतो, तोही पाण्यात गेल्यावर बराच मवाळ होतो. काही दुकानदार काचेच्या ग्लासात दोन्ही दोरे बुडवून दाखवतात. तो खेळ बघायला छान आहे, पण ग्लासामागे पांढरी भिंत असते, वर ट्यूबलाइट असते आणि बघणारा मासा नसतो.

शिवाय दोरा गोल असतो. गोल पारदर्शक काडी भिंगासारखं काम करते, मागचं दृश्य वाकवून दाखवते आणि तिच्या दोन्ही कडा गडद दिसतात. ते फ्लुरोकार्बनलाही चुकत नाही. त्यावर खरचटल्याचे ओरखडे, शेवाळाचा थर, चिकटलेले हवेचे बुडबुडे आणि शेवटी गाठ. मग अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू हा महागडा दोरा का वापरतात? माझ्या मते निम्मं कारण वेगळंच आहे. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोनपट, त्यामुळे तो झपाट्याने बुडतो आणि आमिष खोल जायला मदत करतो. दगडाधोंड्यांवर घासला तरी चांगला टिकतो, आणि नायलॉनसारखं पाणी शोषून मऊ पडत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला मात्र हाच गुण नडतो. आमिषाचं नाक खाली ओढलं जातं.

रंगापेक्षा जाडी महत्त्वाची, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याहून महत्त्वाचं आमिष चालतं कसं. ०.३ मिलिमीटर जाडीचा दोरा एक मीटरवरून बघितला तर डोळ्याशी जेमतेम एका कला-मिनिटाचा कोन करतो. निरोगी मानवी डोळ्याची बारकावा टिपण्याची मर्यादा तेवढीच, आणि बासची नजर आपल्यापेक्षा बरीच ढोबळ आहे. म्हणून त्याला दोरा दिसतच नाही असं नव्हे. लांबलचक रेघ डोळा ठिपक्यापेक्षा फार सहज पकडतो, म्हणून तर दूरच्या विजेच्या तारा आपल्याला दिसतात. पण वेगाने ओढलं जाणारं आमिष घ्या. त्याच्या मागे लागलेल्या माशाला आमिषाचं शेपूट दिसतं, दोरा पुढे नाकाला बांधलेला असतो, आमिषानेच झाकलेला. याउलट ‘ड्रॉप शॉट’ नावाच्या पद्धतीत वजन तळाशी, गळ त्याच्या वर हातभर अंतरावर, आणि आमिष उभ्या ताणलेल्या दोऱ्यावरच लटकत असतं. मासा ते अर्धा मिनिट न्याहाळू शकतो. दोरा बारीक आणि पारदर्शक हवा तो इथे, निवळ पाण्यात, सहा-आठ पौंडी, म्हणजे साधारण तेवढ्या ताणाला तुटणारा. फेकलेल्या आणि ओढलेल्या आमिषाला हा सोस लागत नाही. ज्या आमिषाला दोन तीनकाटी गळ उघडे लोंबतात त्याच्यावर झेप घेणारा मासा दोऱ्याच्या छटेवरून माघार घेईल, हे मला पटत नाही.

शैवालाच्या गालिच्यावरून रबरी बेडूक नाचवायचा असेल, तर तिथे प्रश्नच मिटतो. मासा खाली, बेडूक वर, मधे हिरवं छप्पर. तिथे ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड दोरा लागतो. पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंचा विणलेला हा दोरा १९९०च्या दशकात सर्रास वापरात आला. ५० पौंडी ब्रेडेडची जाडी १२ पौंडी तंगुसाएवढीच. महाराष्ट्रातल्या तळ्यांवर मरळीसाठी असाच बेडूक आणि असाच ब्रेडेड दोरा घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे शिकवायला नको. या दोऱ्याचं एक वैगुण्य असं की तो पूर्ण अपारदर्शक असतो आणि त्याचा तंतू रंग धरत नाही. शेवाळी हिरवा म्हणून घेतलेला दोरा काही महिन्यांत पिस्त्यासारखा फिका पडतो. मग लोक शेवटचे दोन-तीन हात काळ्या मार्करने रंगवतात, तेही सलग नाही, मधेमधे जागा सोडून, म्हणजे रेघ तुटक दिसावी. उपाय स्वस्त आहे आणि तर्काला धरून आहे.

पृष्ठभागावर तरंगणाऱ्या दोऱ्याचा त्रास निराळा. तो पाण्याच्या त्वचेला खळगा पाडतो, आणि खालून आरशासारख्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर ती चीर लांबून उठून दिसते. उथळ, उन्हाच्या पाण्यात तिची सावली तळावर सरकते, ती दोऱ्याहून जाड. ट्राउट पकडणारे इंग्रज हे फार मनावर घेतात. मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांड्यांचा साबण यांचं मिश्रण दोऱ्याच्या टोकाला चोळून ते त्याचा तेलकटपणा घालवतात, म्हणजे तो चटकन पाण्याखाली जातो. बासवाले इतके काटेकोर नसतात.

इथवर माशाच्या बाजूने बोललो. आता होडीतल्या माणसाकडे वळू, कारण पिवळाजर्द दोरा आहे तो त्याच्यासाठी.

प्लास्टिकची गांडूळ-आकाराची आळी आणि पुढे छोटं वजन, हे बासचं सगळ्यात भरवशाचं आमिष. ते फेकायचं आणि दोरा सैल सोडून तळाकडे जाऊ द्यायचं. बास त्याला चावत नाही. तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. संशय आला तर तितक्याच झटक्यात बाहेर थुंकतो. दोरा सैल असल्यामुळे हातातल्या रॉडला यातलं काहीही कळत नाही. जे कळतं ते डोळ्याला. पाण्यावर सैल पडलेल्या दोऱ्याची कमान एकदम बोटभर पुढे सरकते. किंवा दोरा हळूहळू बाजूला चालू लागतो, वारा नसताना. किंवा सगळ्यात फसवं म्हणजे तो थांबतो. सात आकडे मोजेपर्यंत बुडत राहायला हवा होता, चारालाच थबकला, तर मधे कुणीतरी आमिष तोंडात घेतलं आहे. ही खूण ज्याला दिसली त्याने सैल दोरा गुंडाळून रॉड उचलायचा. ज्याला दिसली नाही, त्याच्या लेखी मासा आलाच नव्हता. पारदर्शक दोरा वापरून ‘आज मासे चावतच नाहीत’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचे मासे असे येऊन गेलेले असतात.

याची परमावधी बघायची तर मिसुरी आणि आर्कान्साच्या सीमेवरच्या टेबल रॉक किंवा बुल शोल्स तलावावर उन्हाळ्यातल्या रात्री जावं. दिवसा उकाडा आणि मोटरबोटींची गर्दी, म्हणून तिथले जाणते रात्री निघतात. होडीच्या कडेला अतिनील प्रकाशाच्या नळ्या लावलेल्या असतात. रिळावर फ्लुरोसंट दोरा. ड्यू पाँटने १९५८ मध्ये आणलेल्या ‘स्ट्रेन’ने या प्रकारचा दोरा पुढे घरोघरी नेला. दोऱ्यातलं द्रव्य न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. धुण्याच्या पावडरीत कपडे लख्ख दिसण्यासाठी घालतात त्यातलाच हा प्रकार, म्हणून त्या होडीत पांढरा टी-शर्टही भुतासारखा चमकतो. अंधारात आठ-दहा पौंडी दोरा सुतळीएवढा जाड, निळा, पेटलेला दिसतो. त्याची प्रत्येक थरथर वाचता येते. आणि मासे लागतात! पाण्याखाली तो प्रकाश फार पोचत नाही, आणि जो पोचतो तो निळा, म्हणजे बासच्या डोळ्याच्या सगळ्यात अधू भागातला.

होडीतल्या माणसाचे डोळेही सगळ्यांचे सारखे नसतात. उत्तर युरोपीय वंशाच्या दर शंभर पुरुषांत सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यात फरक कमी कळतो. त्यांनी दुसऱ्याचं ऐकून हिरवट किंवा नारिंगी दोरा घेण्यात अर्थ नाही, काठावरच्या झाडीसमोर तो धरून पाहावा आणि मग ठरवावं. पन्नाशीनंतर मंद उजेडात बारीक दोरा हरवतोच. तपकिरी काचेचा पोलराइज्ड चष्मा पाण्यावरची चकाकी कापतो आणि पिवळा उठावदार करतो. सूर्य समोर असेल तेव्हा मात्र कुठलाच रंग कामाचा नाही. तेव्हा होडी फिरवावी.

मग घ्यायचा कुठला? तळ्यावर गेल्यावर पांढरं आमिष होडीच्या कडेने सरळ खाली सोडावं आणि ते कुठे दिसेनासं होतं ते बघावं. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडून हेच केलं होतं, आणि आजही पाण्याची पारदर्शकता सेक्की तबकडीने मोजतात. आमिष अर्ध्या मीटरच्या आत गायब झालं तर माशासाठी रंगाचा विचार सोडून द्यावा. गढूळ पाण्यात बास डोळ्यांपेक्षा कुशीवरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर टिपून शिकार करतो. तुम्हाला दिसेल असा भडक दोरा बांधावा. तीन मीटरच्या पलीकडे आमिष दिसत राहिलं, वर ऊन आणि वारा पडलेला, तर दोऱ्याचं शेवटचं टोक बारीक, पारदर्शक आणि आमिष शक्य तितकं हलतं. बहुतेक तळी या दोहोंच्या मधली असतात आणि तिथे दोऱ्याच्या रंगाने दिवस बुडत नाही की तरत नाही. ज्या तळ्यावर रोज माणसं येतात तिथले मासे बिथरलेले असतात हे खरं, पण त्यातही रक्ताचा भाग असतो : इलिनॉयमधल्या रिज लेकवर सत्तरच्या दशकापासून चाललेल्या प्रयोगात, गळाला लवकर लागणं हा गुण बासमध्ये काही अंशी आनुवंशिक असतो असं दिसून आलं. काही मासे कुठल्याच दोऱ्याला लागणार नाहीत.

एकच रीळ असेल तर माझं मत दोन खोक्यांच्या बाजूचं आहे. रिळावर पिवळा ब्रेडेड, तुमच्यासाठी. टोकाला दीड-दोन मीटरचा फ्लुरोकार्बनचा तुकडा, ज्याला लीडर म्हणतात, तो माशासाठी. दोघांना जोडायला एफजी गाठ शिकून घ्यावी. ब्रेडेड दोरा लीडरभोवती एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने असा वीसेक वेळा ताणून गुंडाळत जायचा, म्हणजे तो लीडरला आवळून धरतो आणि गाठ रॉडच्या कड्यांतून न अडकता निसटते. आमिषाकडची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन तिथेच कमजोर होतो. आणि प्रत्येक माशानंतर, किंवा आमिष दगडांत अडकून सुटल्यावर, लीडरचा शेवटचा हातभर भाग अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढून बघावा. खरखरीत लागला तर तो पाण्यात पांढुरका दिसतोय आणि तुटायलाही आला आहे. तेवढा कापून गाठ पुन्हा मारावी, आणि लीडर हातभरापेक्षा कमी उरला की नवा बांधावा.